डब्ल्यूपी भारी की डब्ल्यूजी? टपरीवरचं भांडण आणि आपल्या खरेद्या

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

कुर्डुवाडीत राहणाऱ्या माणसाला रेल्वेवर बोलायला निमित्त लागत नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर दर रविवारी सकाळी तीन म्हातारे बसतात. तिघेही रेल्वेतून रिटायर झालेले, तिघांनीही वाफेच्या इंजिनावर उमेदवारी केलेली. नावं देत नाही. गावातले ओळखतीलच, बाहेरच्यांना त्यांचं काय?

आण्णा डब्ल्यूपीचे. झाशीकडं नोकरी काढली, मेल-एक्सप्रेस चालवल्या. चाचा डब्ल्यूजीचे, सगळी उमर मालगाडीवर. आणि तिसरे नाना, वयानं सगळ्यात लहान म्हणजे पंचाहत्तरीचे, आपल्या बार्शी लाइटच्या नॅरोगेजवर फायरमन होते. मी गेली बारा-पंधरा वर्षं तिथं श्रोता आणि चहाचं बिल देणारा या दोन्ही नात्यांनी हजर असतो.

वाफेची इंजिनं जाऊन तीस वर्षं होत आली. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित गाडी 1995 च्या डिसेंबरमध्ये पंजाबात धावली. पण टपरीवर भांडण रोज ताजं. परवाचंच सांगतो.

आण्णा म्हणाले, "डब्ल्यूपी म्हंजे नवरदेव. नाकावर तारा काढलेला. मेल घेऊन फलाटावर शिरला की पोरं डबा सोडून इंजिन बघायला पळायची."

चाचा म्हणाले, "नवरदेवच तो. मिरवायला. घरात दाणा कोण आणतो? डब्ल्यूजी. तुझ्या नवरदेवाला जड गाडी घेऊन चढावर उभा कर आन् पुन्हा हल म्हण. चाकं जागच्या जागी गरगर. वाळू सोड आन् देवाचं नाव घे."

"आन् तुझा रेडा मेलच्या वेगानं पळव की. फायरमनचे दात खिळखिळे व्हत्याल."

नानांनी घसा खाकरला. "तुमचं दोघांचं झालं आसंल तर..."

दोघं एकदम त्यांच्यावर घसरले. "बार्शी लाइटवाल्यानं बोलूच नगं. तुझ्या गाडीतनं माणूस उतरायचा, रानात जाऊन हरभरा उपटायचा आन् पुन्हा त्याच डब्यात येऊन बसायचा."

"बसायचा ना?" नाना शांतपणे म्हणाले. "मग? प्याशिंजरची सोय. तुमच्या मेलमधनं उतरून हरभरा आणून दाखवा."

यावर चाचांचा चहा सांडला.

मी एकदा न राहवून विचारलं होतं, दोन्हीत एवढा फरक काय हो? तेव्हा आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझा पत्रकारितेचा डिप्लोमा परत करावासा वाटला. "पेपरवाले, दोघांचा बॉयलर एकच हाय. ठाव न्हाई तुला?"

मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, बॉयलर एकच, मग इतकी वर्षं भांडताय कशावरनं?

चाचा म्हणाले, "चाकावरनं."

घरी येऊन पुस्तकं काढली. म्हातारे बरोबर होते. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या दोन्ही इंजिनांना एकाच नमुन्याचा बॉयलर. दाब 210 पौंडांचा. आपल्याकडच्या हलक्या, राखाळ कोळशावर वाफ धरावी म्हणून आगीचा पेटारा रुंद केलेला. पुढची सगळी गंमत खालच्या अंगाला. डब्ल्यूपीची ओढणारी चाकं तीन जोड्या, व्यास 5 फूट 7 इंच. डब्ल्यूजीची चार जोड्या, व्यास 5 फूट दीड इंच, आणि सिलिंडर जरा जाड. चाक मोठं की एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणून डब्ल्यूपी पळायची. चाक लहान आणि जोड्या जास्त की रुळावर पकड जास्त, म्हणून डब्ल्यूजी ओढायची. हिशोबात मांडलं तर डब्ल्यूपीची ओढ 30,600 पौंडांच्या आसपास आणि डब्ल्यूजीची 38,900 च्या जवळ. एकाच चुलीवरचा स्वयंपाक, पंगती वेगळ्या.

मग भारी कोण? पुस्तकात उत्तर नाही. म्हाताऱ्यांनाही ते मिळवायचं नाहीये, मिळालं तर रविवारी बोलायचं काय? पण ऐकता ऐकता माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय. हे भांडण म्हणजे आपल्याला मिळू शकणारा सगळ्यात खरा चाचणी-अहवाल आहे. चढावर कोण घसरतं, थंडीत कोण वाफ धरत नाही, कुठल्या इंजिनावर कोळसा टाकताना पाठ मोडते, हे सगळं त्या टोमण्यांत असतं. एकमेकांच्या इंजिनाचं वाईट बोलायचं म्हणजे ते इंजिन नीट माहीत असावं लागतं. आण्णांना डब्ल्यूजीच्या खोड्या चाचांइतक्याच पाठ आहेत.

आणि हा चाळा आपल्याकडचाच आहे असं नाही. इंग्रज तर यातले मूळ पुरुष. 1924 साली लंडनला वेंब्ली इथं साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात ग्रेट वेस्टर्न कंपनीनं आपलं 'केअरफिली कॅसल' इंजिन मांडलं आणि जवळच दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे एलएनईआरचं, 'फ्लाइंग स्कॉट्समन'. स्कॉट्समन अंगानं थोराड. पण कॅसलपाशी पाटी होती की ब्रिटनमधलं सगळ्यात ताकदवान प्रवासी एक्सप्रेस इंजिन हेच. आता बोला! एवढंसं इंजिन आणि एवढी मोठी पाटी. तिकडच्या इंजिनवेड्यांत काय जुंपली असेल, याची कल्पना आमच्या टपरीवर बसलेल्याला लगेच येते.

कागदावर पाटी खरी होती. कॅसलचा बॉयलर 225 पौंड दाबाचा, स्कॉट्समनचा 180 चा. ओढीच्या हिशोबात कॅसल 31,625 पौंड, समोरचं 29,835. पण कागदावर कोण ऐकतो? शेवटी 1925 मध्ये दोन्ही कंपन्यांनी इंजिनांची अदलाबदल केली. ग्रेट वेस्टर्नचं 'पेंडेनिस कॅसल' एलएनईआरच्या मार्गावर धावलं आणि एलएनईआरचं 'व्हिक्टर वाइल्ड' ग्रेट वेस्टर्नच्या. निकाल असा लागला की लहानखुऱ्या कॅसलनं वेळ राखली आणि कोळसाही कमी खाल्ला.

यातला मोठेपणा पुढं आहे. एलएनईआरचे मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली. हरल्यावर त्यांना 'आमचा मार्गच वेगळा, कोळसाच वेगळा' असं म्हणत बसता आलं असतं. त्यांच्याकडं आपल्या इंजिनांची वाफ सोडण्याची यंत्रणा बदलली गेली, झडपांची हालचाल लांब केली, पुढच्या इंजिनांत दाबही 220 पर्यंत वाढवला. त्याच ग्रेस्लींच्या 'मॅलार्ड'नं 3 जुलै 1938 ला ताशी 126 मैलांचा, म्हणजे 203 किलोमीटरच्या आसपास, वाफेच्या इंजिनाचा जागतिक विक्रम केला. (त्या धावेत मॅलार्डचं एक बेअरिंग तापलं आणि गाडी वाटेत दुसऱ्या इंजिनाच्या हवाली करावी लागली. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "बघ आण्णा. नवरदेव!") थट्टेतून सुरू झालेली गोष्ट मोजमापापर्यंत गेली आणि हरलेल्यानं शिकून घेतली, म्हणून पुढची इंजिनं चांगली झाली.

आता त्याच काळात आपल्याकडं काय चाललं होतं ते बघा. इथून पुढं मात्र हसायचं काम नाही.

1920 च्या दशकात हिंदुस्थानातल्या रेल्वेंसाठी प्रमाणित इंजिनं करायचं ठरलं. कल्पना चांगलीच होती. प्रवासी गाड्यांसाठी तीन नमुने निघाले, एक्सए, एक्सबी आणि एक्ससी. हलका, मधला आणि जड. कमिटीनं नकाशे मंजूर केले आणि आपल्या रुळांवर पुरेशी चाचणी न होताच मोठ्या संख्येनं ऑर्डरी गेल्या. इंजिनं आली. धावायला लागल्यावर काही वर्षांतच दिसलं की एक्सबी वेगात असताना डावी-उजवी हेलकावे खाते आणि तिच्या धक्क्यांनी रूळ वेडेवाकडे होतात. ही गोष्ट गुपित नव्हती. दुरुस्त्या झाल्या, वेगाला मर्यादा घातल्या गेल्या. पण घेतलेली इंजिनं चालवणं भाग होतं, पैसे तर गेले होते.

17 जुलै 1937 ला पाटण्याजवळ बिहटा इथं एक्सबी इंजिन लावलेली कलकत्त्याकडं जाणारी एक्सप्रेस रुळांवरून घसरली. शंभरावर माणसं गेली.

त्यानंतर चौकशी झाली, आणि मग या सगळ्या इंजिनांचा अभ्यास करायला खास समिती नेमली गेली. इंग्लंड आणि फ्रान्समधले तज्ज्ञ आले, त्यात विल्यम स्टॅनिअर यांच्यासारखा नावाजलेला इंजिनकर्ता होता. त्यांनी इंजिनं धावती ठेवून मोजमापं घेतली. जे काम ऑर्डर देण्याआधी व्हायला हवं होतं ते शंभर माणसं गेल्यावर झालं.

डब्ल्यूपीचा जन्म या धड्यातून झाला. 1947 मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आधी फक्त 16 इंजिनं मागवली. ती आपल्या रुळांवर, आपल्या कोळशावर, आपल्या माणसांच्या हाती देऊन बघितली. मग पुढच्या ऑर्डरी. अशी होत होत 755 झाली. तोच बॉयलर घेऊन डब्ल्यूजी आली. 1950 मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजीच होतं. 1970 पर्यंत डब्ल्यूजींची संख्या 2,450 वर गेली. आण्णा आणि चाचा ज्यांच्यावरनं भांडतात ती दोन्ही इंजिनं चांगली निघाली याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांच्या वेळी कुणीतरी आधी सोळा घेऊन बघण्याचा शहाणपणा दाखवला.

हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा दोघं गप्प झाले. नाना तेवढे हसत होते.

"आता माझं आयका," नाना म्हणाले. आणि त्यांचा मुद्दा असा होता की मी वहीत उतरवून घेतला.

आपली बार्शी लाइट 1897 ची. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. तिथून बार्शीपर्यंत 21 मैल, अडीच फुटी गेज. करणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याचं डोकं असं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, इंजिन असो की वाघिण. मग रूळ हलका चालतो, यार्डाला 30 पौंडांचा. रूळ हलका म्हणजे लाइन स्वस्त. पण पाच टनांच्या मर्यादेत दमदार इंजिन कसं करायचं? लीड्सच्या किट्सन कारखान्याकडून त्यानं वेगळंच इंजिन करून घेतलं. ओढणारी चाकं चार जोड्या, मागं आणखी दोन जोड्या, म्हणजे वजन सहा आसांवर वाटलेलं. तुलनेला डब्ल्यूपीच्या एकेका आसावर अठरा टनांच्या वर वजन यायचं.

आणि हे सगळं जहाजावर चढवायच्या आधी कॅल्थ्रॉपनं लीड्सजवळ न्यूले इथं अडीच फुटी लाइन टाकून ती इंजिनं आणि डबे चालवून बघितले, जाणकार लोकांना बोलावून दाखवले. कंपनी लहान, मार्ग 21 मैलांचा, पण चाचणी आधी. तो मार्ग पुढं वाढत 1906 ला पंढरपुरात गेला, नंतर लातूरला आणि 1927 ला मिरजेला. आषाढीला डबे कमी पडले की मालाच्या वाघिणींतून वारकरी नेले. 1954 ला सरकारनं कंपनी विकत घेतली आणि 2000 नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज होईपर्यंत त्या अडीच फुटी रुळांनी माणसं वाहिली.

"शंभर वर्षं," नाना बोट नाचवत म्हणाले. "हरभरा उपटत उपटत शंभर वर्षं चालली. तुमच्या त्या एक्सबीची काय गत झाली?"

(किट्सनची पहिली इंजिनं नानांनी स्वतः कधी पाहिलीही नाहीत, ते कामाला लागले तेव्हा पुढच्या पिढीची इंजिनं होती. पण अभिमान वडिलोपार्जित असतो.)

आण्णा म्हणाले, "एक्सबी आमची न्हवंच." चाचा म्हणाले, "नाक तर तसंच लांब हुतं." आणि भांडण पुन्हा रुळावर आलं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनांचं आज काय घेऊन बसलाय?

आमच्या भागातल्या एका नगरपालिकेनं काही वर्षांपूर्वी कचऱ्यासाठी मोठ्या गाड्या घेतल्या. नाव देत नाही, कारण असं गाव एकच नाही. उद्घाटनाला फुगे, नारळ, फोटो. मी स्वतः बातमी केली होती, 'शहर स्वच्छतेच्या दिशेनं' वगैरे मथळा देऊन. महिनाभरात त्यातल्या दोन गाड्या पटांगणात उभ्या. कारण विचारायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, जुन्या पेठेच्या वळणावर ही गाडी वळतच न्हाई. मी आधीच म्हणलो हुतो." कुणाला म्हणालास? "सगळ्यांना. चहा पिताना म्हणलो, हसले सगळे."

चहा पिताना म्हटलं आणि सगळे हसले. यात चूक फक्त अधिकाऱ्यांची नाही. मीसुद्धा बातमी करताना गाडीची किंमत विचारली, क्षमता विचारली, नगराध्यक्षांची प्रतिक्रिया घेतली. चालवणाऱ्याला विचारलं नाही. एक गाडी आठवडाभर पेठेत फिरवून बघितली होती का, हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. आता तो पहिला असतो.

आपल्याकडं वस्तू निवडताना मोजमाप कशाचं होतं? वजनाचं, किमतीचं, पाटीवरच्या आकड्याचं. तिची वाट कोणती, तिला खाऊ काय घालणार, ती हाताळणार कोण, याचं मोजमाप नंतर होतं. शाळेतले टीव्हीचे फळे घ्या, पाणीपुरवठ्याच्या मोटारी घ्या, दवाखान्यातली यंत्रं घ्या. कॅसल लहान होतं पण त्याच्या कामाला पुरून उरलं. बार्शी लाइट हळू होती पण तिच्या रुळाला आणि खिशाला झेपणारी होती. एक्सबी नकाशात देखणी होती.

टेंडर, समिती, मंजुरी हे सगळं असावंच. त्याशिवाय कारभार चालत नाही आणि चोरीला आळा बसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ऑर्डर देण्याआधी एक नमुना आणा आणि पंधरा दिवस त्याच गल्लीत, त्याच माणसाच्या हाती द्या. मग त्याला आणि त्याच्या सोबत्यांना चहाच्या टपरीवर बसवा आणि त्यांना भांडू द्या. खाली बसून ऐका. कागदावर सही करायला सांगितलं तर माणूस 'समाधानकारक' लिहितो. दोस्ताची थट्टा करताना तो खरं बोलतो. हे ऐकणारा एक माणूस तिथं हवा, आणि त्याच्याकडं वही हवी.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड आहे पण सांगतो. या टपरीवर पूर्वी सात जण बसायचे. आता तीन आहेत. जे चार गेले त्यांच्यासोबत कुठल्या चढावर कधी वाळू सोडायची, ओल्या कोळशाची आग कशी धरायची, बॉयलरच्या आवाजावरून काय ओळखायचं, हे सगळं गेलं. मी शेजारी बसून हसत होतो, लिहून घेतलं नाही. गेल्या महिन्यापासून मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागलोय. आण्णा रेकॉर्डिंग सुरू झालं की शुद्ध बोलायला लागतात, मग चाचांना त्यांना डिवचावं लागतं. एकदा नवरदेव म्हटलं की गाडी सुटते.

तर तुमच्याकडं एक मागणं. घरात आजोबा, चुलते, शेजारी कुणी शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये, फूटप्लेटवर होते का? असतील तर या रविवारी त्यांच्यापाशी बसा आणि फक्त एवढंच विचारा, भारी कोण होतं? आणि गावात कुठलीही नवी गाडी, पंप, मशीन आलं की चालवणाऱ्यालाही हेच विचारा, जुनं बरं की नवं? उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी वाचणार आहे.

माझा पक्ष विचाराल तर कुर्डुवाडीचा माणूस आहे. बार्शी लाइट. आण्णा आणि चाचांना ही पोस्ट कुणी वाचून दाखवू नका.